मंदा सुरवाडेने काढलेलं वर्तुळ

जामनेरच्या ज्या हायस्कुलात देवचंद आधार पाटील भूमिती शिकवत, तिथे पाटील आडनावाचे सहा मास्तर होते. त्यामुळे सगळा गाव त्यांना डी. ए. सर म्हणे. शिक्षकांच्या खोलीत खुंटीला एक भलामोठा लाकडी कंपास टांगलेला असायचा. डी. ए. सरांनी त्याला सव्वीस वर्षांत हात लावला नव्हता. ते फळ्याशी उभे राहत, कोपर ताठ करत, श्वास रोखत आणि खांद्यातून हात एकदाच फिरवत. खडू जिथून निघाला तिथेच परत येऊन टेके. मग नवीन पोरांची खात्री पटावी म्हणून ते एखाद्याला दोरी घेऊन मोजायला लावत. दोरी सगळीकडे सारखी भरायची.

हा हात त्यांना चोपडा तालुक्यातल्या आपल्या गावी, खळ्यावरच्या धुळीत मिळाला होता. बापाने कंपासपेटी घेऊन दिली नाही, म्हणून पोरगं काडीने वर्तुळं काढत बसे. पुढे पेटी घेण्याची ऐपत आली, पण तोवर तिची गरज उरली नव्हती. त्याचा त्यांना अभिमान होता, आणि तो ते लपवत नसत. नववीच्या वार्षिक परीक्षेत त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. पट्टी-कंपास न वापरता वर्तुळ, चौरस आणि समभुज त्रिकोण काढा. गुण पाच. कोणी कुरकुर केली तर म्हणत, "अरे, आकृती डोळ्यात नसेल तर कंपास काय करील?"

एवढ्या वर्षांत या प्रश्नाला पाचपैकी पाच त्यांनी तिघांनाच दिले होते. चौथी मंदा सुरवाडे असणार, हे त्यांनी ती आठवीत असतानाच ओळखलं होतं.

मंदा सहा मैलांवरच्या खेड्यातून यायची. सकाळची एस.टी. चुकली तर पायी. तिचा बाप सुकदेव बाजार समितीत हमाल होता आणि गावच्या बौद्धवाड्यात त्यांचं दोन खणांचं घर होतं. पोरगी बोलायची कमी, पण फळ्यापाशी गेली की तिचा खांदा बरोबर हलायचा. एकदा सरांनी तिला वर्तुळ काढायला बोलावलं. तिने काढलं. सर मागे सरले, बाजूला जाऊन तिरके उभे राहून पाहिलं, आणि त्याच वर्तुळावर जीवा काढून पुढचा तास शिकवला. दुसऱ्या कोणाच्या आकृतीवर ते कधी शिकवत नसत. वर्गाला ते कळलं आणि मंदालाही.

सरांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि डाव्यात नुकताच धरू लागला होता. १९८६ च्या डिसेंबरात गावात नेत्रशिबिर भरलं, तेव्हा त्यांनी उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढून घेतला. पट्टी सुटली, काळा चष्मा झाला, आणि मग बाटलीच्या बुडासारख्या जाड भिंगाचा चष्मा मिळाला. डॉक्टरांनी बजावलं होतं, "मास्तर, हा तात्पुरता. दीड-दोन महिन्यांनी जळगावला या आणि पक्का नंबर काढून घ्या."

पहिले काही दिवस गमतीत गेले. दाराच्या चौकटी आत वाकलेल्या दिसत. पायरी समजून पाय टाकावा तर जमीन भलतीकडेच लागे.

"तू उंच झालीस का गं?" त्यांनी बायकोला, द्रौपदाबाईंना विचारलं.

"तुम्ही बसलेले आहात, म्हणून वाटतं," त्या म्हणाल्या.

पंधरा दिवसांत सवय झाली. चौकटी सरळ झाल्यासारख्या वाटल्या. वर्तमानपत्र वाचता येऊ लागलं, सायकलही चालवता येऊ लागली. मग जळगावला कशाला जायचं? वर्तुळाचा धडा बाकी होता, परीक्षा तोंडावर होती. ते गेले नाहीत.

फेब्रुवारीत वर्तुळ सुरू झालं. सरांनी नेहमीसारखं कोपर ताठ केलं, पण हात फिरता फिरता डोळ्याला तो वर निसटतोय असं वाटलं. त्यांनी तो खाली दाबून घेतला. मागे सरून पाहिलं तर वर्तुळ सुरेख दिसलं. वर्गात मात्र कुणीतरी फुसकन हसलं. दुसऱ्या दिवशीही तेच. हसण्याचं कारण सरांना कळेना. बेचाळीस पोरांना ते दिसत होतं. फळ्यावरचं वर्तुळ दोन्ही बाजूंनी फुगलेलं आणि वरून दबलेलं होतं. पोरांनी त्याला नावही ठेवलं होतं, सरांचा भोपळा. पण डी. ए. सरांना त्यांचं वर्तुळ वाकडं आहे, हे सांगणार कोण?

आठवडाभर ते हसणं त्यांनी सहन केलं. मग एके दिवशी खडू टेबलावर आपटून ते म्हणाले, "मंदा, ये. दाखव या गाढवांना वर्तुळ कसं असतं ते."

मंदा उठली आणि तिने हात फिरवला.

सरांना फळ्यावर एक उभं अंडं दिसलं.

वर्ग एकदम शांत झाला होता. सरांचा भोपळा आणि त्याच्या शेजारी मंदाचं वर्तुळ, दोन्ही एका फळ्यावर आली होती. ती शांतता कुणाला तरी पेलली नाही आणि तो मोठ्याने हसला. त्याच्यामागे सगळे हसले.

"हे काय काढलंस?" सरांनी विचारलं.

"वर्तुळ, सर."

"पुन्हा काढ."

तिने शेजारी दुसरं काढलं. तेही अंडंच. तिसरं काढायला लावलं, तेही तसंच. ही पोरगी, जिला आपण वर चढवलं, तीच सगळ्यांत मिसळून आपली नक्कल करतेय, याबद्दल सरांच्या मनात आता शंका उरली नाही. त्यांनी लाकडी पट्टी उचलली आणि तिच्या उजव्या तळहातावर मारली. किती वेळा, ते त्यांनी मोजलं नाही. मारता मारता ते बोलले. "फी माफ, पुस्तकं फुकट, सगळं फुकट मिळतं ना तुम्हा लोकांना! म्हणून ही मस्ती!"

हे वाक्य तोंडातून गेलं आणि वर्गातलं हसू थांबलं. बौद्धवाड्यातून आलेली आणखी तीन पोरं त्या वर्गात होती. त्यांनी माना खाली घातल्या. मंदा रडली नाही. हातातून पडलेला खडू तिने उचलून टेबलावर ठेवला आणि ती जागेवर जाऊन बसली. सरांनी तास पुढे चालवला.

त्यानंतरही ती रोज शाळेत आली. सरांनी तिला पुन्हा फळ्याशी बोलावलं नाही.

एप्रिलच्या परीक्षेत पहिल्या प्रश्नाला तिला शून्य मिळालं. पुढच्या आकृत्यांवरही लाल रेघा पडल्या. ती गणितात तीन गुणांनी नापास झाली. निकालाच्या बैठकीत मुख्याध्यापक चौधरी सरांनी विचारलं, "ही सुरवाडेची पोरगी बाकी सगळ्यात पास आहे. तीन गुण कृपेचे देऊन टाकू?"

"नको," डी. ए. सर म्हणाले. "पाया कच्चा आहे."

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा नापास झालेले दोघे नववीत परत येऊन बसले. मंदा आली नाही. सरांना तिची रिकामी जागा दिसली, पण त्यांनी कोणाला विचारलं नाही. मनात काहीतरी टोचत होतं. पोरगी उद्धटच होती, असं म्हणून त्यांनी ते झाकून ठेवलं.

जुलैच्या एका रविवारी द्रौपदाबाई स्वयंपाकघरातल्या फळ्या पुसून त्यांवर कागद अंथरत होत्या. सरांनी घरी आणलेल्या जुन्या उत्तरपत्रिका त्यासाठीच वापरल्या जात. सर चहा पीत बसले होते. समोरच्या फळीवर एक कागद आडवा पसरला होता आणि त्यावर लाल शाईतलं शून्य होतं. त्याच्या शेजारी पेन्सिलीचं उभं अंडं.

सरांनी ते पाहिलं, चहाचा घोट घेतला आणि पुन्हा पाहिलं. कागद आडवा होता. अंडं मात्र उभंच होतं.

त्यांनी कप खाली ठेवला. फळीवरून कागद ओढून घेतला आणि सरळ धरला. अंडं उभं. पाव फेरा फिरवला. आता ते आडवं व्हायला हवं होतं. ते उभंच राहिलं. त्यांनी कागद तसाच ठेवून मान कलती केली, तर अंडं मानेबरोबर कललं. ताटली घेतली आणि फिरवली. ती कशीही धरली तरी उभट. घड्याळ, डब्याचं झाकण, द्रौपदाबाईंच्या हातातली बांगडी, सगळं उभट. शेवटी त्यांनी उजवा डोळा हाताने झाकला. डाव्या, धुरकट डोळ्याला मंदाचं वर्तुळ दिसलं. अंधुक, पण गोल.

"काय झालं?" द्रौपदाबाईंनी विचारलं.

त्यांनी फळ्यांवरचे सगळे कागद काढायला लावले आणि कंपास घेऊन संध्याकाळपर्यंत बेचाळीस उत्तरपत्रिका तपासल्या. मंदाला पाचपैकी पाच मिळायला हवे होते. उखर्डू नावाचा आणखी एक मुलगा आकृत्यांचे गुण धरले असते तर पास झाला असता. तो आता शेवटच्या बाकावर पुन्हा नववीत बसलेला होता.

सोमवारी ते जळगावला गेले. डॉक्टर म्हणाले, "टाक्यांमुळे बुबुळ एका दिशेने ओढलं गेलंय, मास्तर. शिबिरातला चष्मा सरसकट असतो. लोकांना दिसायला लागलं म्हणजे झालं, एवढ्यासाठी. तुम्ही फेब्रुवारीतच यायला हवं होतं."

नवा चष्मा आला तेव्हा ताटली पुष्कळशी गोल झाली. सर मंदाची आणि उखर्डूची उत्तरपत्रिका घेऊन चौधरी सरांकडे गेले. चौधरी सरांनी कंपास ठेवून वर्तुळ पाहिलं, डोकं हलवलं आणि दोन्ही उत्तरपत्रिका घडी करून परत दिल्या.

"निकालपत्रक वर गेलं, सर. एक उत्तरपत्रिका उघडली तर बेचाळीस उघडाव्या लागतील. चौकशी लागेल. का मारलं, काय बोललात, तेही निघेल. तुम्ही चार वर्षांत सुटाल, मला अजून अकरा काढायचीत."

"मी लिहून देतो. चूक माझी."

"लिहू नका," चौधरी सर म्हणाले. "तुमच्या भल्यासाठी सांगतो."

सरांनी तरीही अर्ज लिहून दिला. तो चौधरी सरांच्या टेबलाच्या खणात गेला आणि तिथेच राहिला.

मग ते मंदाच्या गावी गेले. बौद्धवाड्यात ते त्याआधी कधी गेले नव्हते. सुकदेव सुरवाडे ओट्यावर बसून दोर वळत होता. मास्तरला पाहून तो उठला, खाट टाकली. मंदाची आई भिकुबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. सरांनी तो तोंडाला लावला आणि सगळा संपवला. आपण हे पाणी प्यालो, हे त्यांना स्वतःलाच फार जाणवलं. बाकी कोणी त्याची दखल घेतली नाही.

"मंदा कुठे आहे?"

"लगन करून देल्लं, सर. मे महिन्यात. धुळ्याले देली."

सरांनी उत्तरपत्रिका काढली. डोळ्याचं, टाक्यांचं, चष्म्याचं सगळं सांगितलं. कागद फिरवून दाखवला. सुकदेवने ऐकून घेतलं.

"मी म्हनलं व्हतं तिले, पुन्हा बस नववीले," तो म्हणाला. "चार लोकाइनं नावं ठेवली तरी चालंन, बस. ती म्हने, नाई."

"दोन दिवस जेवली नव्हती," भिकुबाई दारातूनच म्हणाली. "हात सुजेल व्हता, तरी शाळेत गेली. नापास झाली तव्हा म्हने, माय, मी आता त्या शाळेत पाय नाई ठेवत."

सर खाली बघत होते.

"डोळ्याचं तुम्ही सांगतलं ते खरं असंन," सुकदेव म्हणाला. "मोतीबिंदूचे लोक मी पाह्यले. पन ते फुकटाचं बोलले तुम्ही त्या दिवशी, ते बी डोळ्यानंच बोलले का, सर?"

त्याचा आवाज चढला नव्हता. त्याने खरंच विचारलं होतं. सर खाटेवरून उठले. कलत्या उन्हात ते सहा मैल चालत जामनेरला आले. वाटेत त्यांनी ते वाक्य मनाशी पुष्कळदा म्हणून पाहिलं. दर वेळी ते त्यांच्याच आवाजात येत होतं. शिक्षकांच्या खोलीत ते असं कितीदा बोलले असतील, दुसरे बोलताना किती वेळा हसले असतील, हेही त्यांना आठवू लागलं. त्याला कुठला चष्मा नव्हता.

पुढच्या रविवारी ते धुळ्याला गेले. आग्रा रोडच्या मागे एका दाटीच्या वस्तीत मंदाचं सासर होतं. नवरा निंबा ट्रकच्या गॅरेजात कामाला गेलेला होता. दारात सासू ताईबाई तांदूळ निवडत बसली होती.

"कोन शेतस तुम्ही?"

"मंदाचा शाळेतला मास्तर. जामनेरहून आलो."

"मास्तर?" ताईबाईने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "लवकर बोला. घरनं बठ्ठं काम पडेल शे."

मंदा ओले हात पदराला पुसत बाहेर आली. सोळा वर्षांची पोरगी साडीत मोठी दिसत होती. सरांना पाहून ती दाराच्या चौकटीपाशीच थांबली. बसमध्ये सरांनी चार वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यांतलं एकच आठवलं.

"मंदा, तुझं वर्तुळ बरोबर होतं."

"माहीत आहे, सर."

"कधी कळलं तुला?"

"तेव्हाच. सगळ्या वर्गाला माहीत होतं. तुमचं दबलेलं यायचं."

"मग मला कोणी सांगितलं का नाही?"

मंदाने त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्हाला?" ती म्हणाली.

ताईबाईच्या सुपात तांदूळ सळसळत होते.

"आणि मी जे बोललो..." सरांनी सुरुवात केली. वाक्य पुढे जाईना. मंदाने ते पुरं करायला काही मदत केली नाही. शेवटी सर म्हणाले, "ते बोलायला नको होतं. डोळ्यांचा त्यात काही संबंध नव्हता. ते माझंच होतं."

"हो," मंदा म्हणाली.

सरांनी बाहेरून दहावीला बसण्याचं सांगितलं. फॉर्म आणतो, पुस्तकं पाठवतो, दर रविवारी येऊन शिकवतो. मंदाने मागे वळून घरात पाहिलं. एकच खोली होती. तिच्यात चूल, खाट, आडव्या दोरीवरचे कपडे आणि कोपऱ्यात झोपलेला आजारी सासरा.

"कुठे बसू, सर?" तिने विचारलं. मग म्हणाली, "तुमची बस किती वाजताची आहे?"

सर निघाले.

पुस्तकं त्यांनी पाठवली. पोचल्याचं पत्र आलं नाही.

त्याच महिन्यात त्यांनी नववीच्या वर्गात उभं राहून सगळं सांगितलं. मंदाचं नाव घेतलं. ते वाक्यही जसंच्या तसं सांगितलं. पोरं गोंधळून एकमेकांकडे बघू लागली. मास्तर असं बोलतात तेव्हा काय करायचं असतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मग सर शेवटच्या बाकाकडे वळले.

"उखर्डू, तूही पास होतास."

उखर्डू धडपडत उभा राहिला. त्याचा चेहरा उजळला. "मग मी दहावीत जाऊन बसू का, सर?"

सरांना नाही म्हणावं लागलं. उखर्डू खाली बसला. त्या संध्याकाळी चौधरी सरांनी डी. ए. सरांना बोलावून चांगलंच फैलावर घेतलं. पुढल्या वर्षापासून त्यांना पाचवी-सहावीचे वर्ग दिले. नवीन चष्म्याने त्यांचा हात पुष्कळसा जाग्यावर आला असता. पण ते शिक्षकांच्या खोलीतला लाकडी कंपास घेऊन वर्गात जात. नववीच्या पेपरातला तो पहिला प्रश्न त्यांनी स्वतःच काढून टाकायला लावला. १९९१ साली ते निवृत्त झाले. मंदाला भेटायला ते मध्ये एकदा धुळ्याला जाऊन आले होते, पण त्या खोलीत दुसरे लोक राहत होते. मंदाच्या घरचे सुरतेला गेले, एवढंच शेजाऱ्यांनी सांगितलं.

१९९४ च्या हिवाळ्यात सर बाजार समितीत घरासाठी तूर घ्यायला गेले होते. तिथे गोण्यांच्या थप्पीपाशी त्यांना सुकदेव दिसला. केस पांढरे झाले होते, पाठ वाकली होती, पण काम तेच होतं. सर त्याच्यापाशी गेले. सुकदेवने ओळखलं.

"मंदा कशी आहे, सुकदेवभाऊ?"

"हाये सुरतले. दोन पोरी झाल्या. घरी बसून साड्याइले टिकल्या लावते."

"पोरी शिकतात?"

"मोठी जाते शाळेत."

सरांना विचारायचं होतं, ती माझं नाव काढते का. विचारलं तर काय उत्तर येईल, तेही त्यांना ठाऊक होतं. सुकदेव गोणीखाली वाकला होता. दोघा हमालांनी ती त्याच्या पाठीवर चढवली. त्याने पाय रोवले, तोल सावरला, आणि मान वर न करता म्हणाला, "सरका जरा, सर."

सर बाजूला झाले.